कानटोपीतली झोप

१

घोरण्याची लाज व्हर्लिन टोलेफसनला कधी वाटली नव्हती. लाज वाटायला लागली ती घोरणं बंद झाल्यावर.

उभा जन्म त्याने डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. गाव साखरझोपेत असायचं तेव्हा हा कुठल्यातरी गोठ्याशी नळी जोडत उभा असायचा, म्हणून संध्याकाळचं जेवण झालं की अंथरुणाला पाठ. उन्हाळ्यात बाहेर लख्ख उजेड असे, तळ्यावर पोरं ओरडत असत, आणि टोलेफसनांच्या खिडकीचा पडदा ओढलेला. निवृत्त झाला तरी सवय गेली नाही. मिनेसोटातल्या त्या गावात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिकडची माणसं एकमेकांना टोमणे मारतात ते हवेवरून आणि गाडीच्या रंगावरून. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं त्यांच्यात बसत नाही. कुणाच्या घरी कुणी वारलं तरी बटाट्या-मांसाचं झाकलेलं भांडं आणून ठेवतात, यंदा थंडी लवकर आली म्हणतात आणि निघतात.

मग डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत त्याचा श्वास अडतो. उशाशी एक यंत्र आलं. यंत्राला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क, आणि तो जागेवर राहावा म्हणून डोक्याला बांधायचं पट्ट्यांचं जाळं. झोप दुपारची असो की रात्रीची, मास्क लावायचाच, अशी ताकीद होती. लावला की घोरणं बंद, श्वास सुरळीत.

पण त्या मेल्या पट्ट्या. गालावर वळ उठायचे, मानेला खाज सुटायची, कानामागे सोलून निघायचं. रविवारी चर्चमध्ये ते वळ घेऊन बसणं व्हर्लिनला नको व्हायचं. शेवटी तो बायकोच्या शिवणयंत्रावर बसला. जुन्या फ्लॅनेलच्या पायजम्याचे तुकडे शिवून पट्ट्यांना गवसणी घातली. वेल्क्रो उपटून टाकलं आणि त्या जागी बायकांच्या बॉडीला असतात तसले हूक लावले. ते विकत घेताना दुकानातल्या मुलीला, तिने विचारलेलं नसताना, बायकोसाठी हवेत म्हणून सांगितलं. नळी ओढ घ्यायची, तिला विजारीच्या गॅलिसने पलंगाच्या डोक्याशी टांगलं. आणि डेअरीची जुनी कानटोपी काढली, लाल-काळ्या चौकड्यांची, आतून लोकरीची. सगळ्या पट्ट्या त्या टोपीला शिवून टाकल्या. आता ओढ गालावर न पडता अख्ख्या डोक्यावर वाटली गेली.

"चढव बघू," डुएन म्हणाला. डुएन त्याचा जुना दोस्त, दुसऱ्या टँकरवरचा, आणि त्याच्याही उशाशी हेच यंत्र होतं. व्हर्लिनने त्याच्या स्वयंपाकघरात टोपी चढवून दाखवली.

"लेका, असा गोठ्यात जाऊ नकोस. गाई आटतील."

"झोप लागते."

"मग मलाही एक शीव. आमच्या बेव्हला सांगेन, नवऱ्यानेच शिवली."

व्हर्लिनने त्याला हूक दाखवले, गवसणी दाखवली. टोपीच्या कानपट्ट्यांत आणखी काय भरलंय, ते मात्र दाखवलं नाही.

२

कानपट्ट्यांत कापूस होता. त्याची बायको आर्लिस चर्चच्या तळघरात बायकांबरोबर गरिबांसाठी गोधड्या शिवायची, तिच्या पिशवीतला दडपलेला कापूस. व्हर्लिनने तो न विचारता घेतला होता आणि दोन्ही कानपट्ट्यांत दाबून भरला होता. कुणी विचारलंच तर यंत्राचा आवाज नको म्हणून, असं सांगायचं त्याने ठरवून ठेवलं होतं. यंत्राचा आवाज तो काय. मांजर शेजारी निजल्याएवढा.

खरं कारण त्याच्याच पलंगावर, त्याच्याच गोधडीखाली होतं. आर्लिस दिवसभर मोजकं बोलायची. दिवा मालवला की तिला वाचा फुटायची. आधी इकडचं तिकडचं, मग हळूहळू कर्टिस. कर्टिस त्यांचा एकुलता एक. सोळाव्या वर्षी, नोव्हेंबरात, एका रविवारी दुपारी तो तळ्यावरच्या कोवळ्या बर्फावर चालत गेला आणि परत आला नाही. आर्लिस त्या वेळी चर्चमध्ये भांडी घासत होती. व्हर्लिन घरी जेवून झोपला होता.

"व्हर्लिन," ती अंधारात विचारायची, "त्या दुपारी तो तुझ्याशी काही बोलून गेला होता का रे?"

व्हर्लिन घोरायचा.

सोंगाचं घोरणं आणि खरं घोरणं यांत फरक करणं त्याच्या बाबतीत देवालाही जमलं नसतं. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? इतकी वर्षं ते घोरणं त्याला दाराच्या कडीसारखं उपयोगी पडलं होतं. यंत्राने कडी काढून नेली. मास्क लावलेला माणूस घोरत नाही, आणि गप्प पडलेला नवरा जागा आहे की झोपलाय हे बायकोला श्वासावरून कळतं. त्या उन्हाळ्यात तिने तोच प्रश्न विचारला, आणि व्हर्लिन डोळे मिटून, नाकात हवा घेत, निमूट पडून राहिला. ती बराच वेळ वाट बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने कापूस घेतला.

३

कापसाने किमया केली. कानपट्ट्या खाली ओढून हनुवटीशी हूक लावला की जग बंद. तो लहान पोरासारखा झोपायला लागला. ती काही बोलत असेल तर बोलो बापडी, असं मनाशी म्हणायला त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटेपर्यंत डोळा लागलेला असायचा.

एका सकाळी स्वयंपाकघरात आला तर टेबलावर रुबार्बच्या आंबट देठांचा केक होता. सणवार काही नव्हता. आर्लिसने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि जरा वेळ तिथेच उभी राहिली.

"काल जे बोललास ना," ती म्हणाली, "बरं वाटलं मला."

व्हर्लिन काल काही बोलला नव्हता. त्याने केकची बशी पुढे ओढली. समोरच्याला खोटं पाडायचं नाही, आभार मानणाऱ्याला अडवायचं नाही, हे तिकडच्या माणसाच्या हाडात मुरलेलं असतं. शिवाय ती हसत होती. किती वर्षांनी.

"हं," तो म्हणाला. "बरं."

एवढंच. पण न बोललेल्या शब्दांवर त्याने आपलं नाव घातलं ते तिथे. मग त्याने केक खाल्ला. घास तोंडात फिरत राहिला तरी खाल्ला.

४

नंतर तसं वरचेवर व्हायला लागलं. कधी ती म्हणायची, "तुला त्याची ती निळी सायकल आठवते हे मला ठाऊकच नव्हतं." कधी जाता जाता त्याच्या खांद्याला हात लावायची. तिने तिकडे सांगितलं असावं, चर्चच्या तळघरातल्या बायका त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागल्या. एकीने तर त्याच्या बशीत आपल्या हाताने लिंबाची वडी ठेवली आणि म्हणाली, "आमच्या घरातल्यांना शिकव जरा." व्हर्लिन कानापर्यंत लाल झाला. तिला तो विनय वाटला.

तो तसा आडाख्याने चालणारा माणूस. त्याने विचार केला, मी झोपेत बोलत असेन. पण मास्क नाकावर असताना तोंड उघडलं की यंत्राची सगळी हवा तोंडातून भसकन बाहेर पडते. शब्द म्हणून काही उमटत नाही. दुपारी आर्लिस बाहेर गेली असताना त्याने करून पाहिलं. मास्क चढवला, यंत्र लावलं आणि तिचं नाव घ्यायला गेला. घशातून नुसता वारा निघाला.

"बेव्ह कधी म्हणते का," त्याने डुएनला विचारलं, "की तू झोपेत बोलतोस?"

"बेव्ह म्हणते मी जागेपणीही बोलत नाही."

"नाही, पण ती टोपी घातल्यावर?"

"टोपी घातल्यावर ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. का रे?"

"काही नाही. हवा बरी आहे आज."

"वारा सुटेल," डुएन म्हणाला, आणि विषय संपला.

म्हणजे आर्लिसलाच स्वप्न पडत असणार, असं त्याने ठरवलं. म्हातारपणी होतं तसं. एका संध्याकाळी, पडद्याच्या कडेने अजून ऊन येत असताना, त्याने नुसती खात्री म्हणून डाव्या कानावरची पट्टी बोटभर उचलली.

"...आणि मग?" आर्लिस विचारत होती.

मग शांतता. यंत्राची घुरघुर. एखाद्याला दोन-तीन वाक्यं बोलायला लागावा तेवढाच वेळ.

"हो का," ती म्हणाली. "मला वाटायचं तू विसरलास."

पुन्हा शांतता. मग ती हसली, हलकंच, तोंडावर हात धरून. लग्नाआधी त्याच्या ट्रकमध्ये बसून हसायची तशी. ती त्याच्याकडे तोंड करून निजली होती. पण तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. किंचित अलीकडे होती, दोघांच्या उशांमध्ये, जिथे कुणी नव्हतं.

व्हर्लिनने पट्टी खाली ओढली. आणि सांगायलाही शरम वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याला झोप लागली.

५

पानगळ झाली तशी आर्लिस घर आवरायला लागली. लोणच्याच्या बरण्या शेजारी देऊन टाकल्या. शिवणाच्या कापडांची गाठोडी तळघरातल्या बायकांना दिली. कर्टिसचा जाड कोट ट्रंकेतून काढून तिने दोन दिवस वाऱ्यावर टांगला. आत आणून तो दाराजवळच्या खुंटीला अडकवला, घरातल्या चालत्या-फिरत्या माणसांच्या कोटांशेजारी.

"हे कशासाठी?" व्हर्लिनने विचारलं.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तूच म्हणालास ना."

"काय म्हणालो?"

"तळं बर्फाने मिटायच्या आत त्याच्याकडे जाऊन येऊ. दोघं मिळून." तिने कोटाच्या बाहीवरचा एक धागा काढला. "त्याला गार झालं असेल म्हणालास."

तळ्यावर सकाळी आता काठाकाठाने काचेसारखी साय धरत होती. दुपारी विरघळायची, दुसऱ्या दिवशी थोडी पुढे सरकायची. गावात सगळे त्या सायीबद्दलच बोलत होते, यंदा तळं कधी मिटतंय म्हणून.

त्याने कानटोपी उचलली, पट्ट्यांसकट, हुकांसकट, आणि मागच्या शेडमध्ये रंगाच्या रिकाम्या डब्यात कोंबून वर झाकण ठोकून बसवलं. कपाटातून यंत्रासोबत आलेला पट्ट्यांचा दुसरा जोड काढला. वळ उठले तर उठू देत.

६

रविवारी चर्चहून आल्यावर ती दोघं जेवायला बसली. मांस होतं, उकडलेले बटाटे होते. व्हर्लिनच्या गालावर पुन्हा ते दोन लाल पट्टे होते. त्याने काटा खाली ठेवला.

"आर्लिस, ते मी बोललो नाही."

ती बटाटा कुस्करत होती.

"सायकलचं, तळ्याचं, काहीच. मला तर तू काय बोलायचीस ते ऐकूही येत नव्हतं. मी कानात कापूस भरला होता. तुझ्याच पिशवीतला." हे बोलताना त्याचे कान तापले. "मुद्दाम भरला होता."

"माहीत आहे," आर्लिस म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"कापूस कमी झालेला मला कळणार नाही का? आणि ते तू नाहीस हेही माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. तुझं नाव घेत होते ते तू नाही म्हणतोस का बघायला." तिने लोणी पुढे सरकवलं. "तू असं कधी बोलला असतास का, व्हर्लिन?"

त्याला विचारायचं होतं, मग कोण. ते त्याच्या तोंडून निघेना, आणि तिला ते दिसलं.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारलं आणि गेला तर? तो उत्तर देतो. मी विचारते आणि तो उत्तर देतो. आज जाऊ म्हणालाय."

"तू कुठेही जायचं नाहीस."

"नाही जात." तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "एक सांग मला, तूच सांग, म्हणजे मी कुठे जात नाही. कोट ट्रंकेत परत ठेवते. त्या दुपारी कर्टिस तुझ्या दाराशी आला होता ना?"

खिडकीबाहेर पिवळं ऊन होतं. वारा पडला होता. एवढं सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं. एक शब्द बोलायचा होता, आणि समोर बसलेल्या बाईला तो ऐकायचा होता. व्हर्लिन ताटातल्या बटाट्याकडे बघत राहिला. तिच्या तोंडाकडे बघणंही त्याला जमेना.

"इतक्या वर्षांपूर्वीचं," तो म्हणाला. "आठवत नाही मला." आणि मग, कशाचा काही संबंध नसताना, "कॉफी निवतेय."

"हो," आर्लिस म्हणाली. तिने उठून त्याच्या कपात गरम कॉफी घातली.

७

ती नेहमीप्रमाणे वामकुक्षीला आडवी झाली. व्हर्लिनही तिच्या शेजारी पडला, लक्ष ठेवायला. मास्क लावला, कारण न लावता डोळा लागला असता तर श्वास अडकला असता; पट्ट्या गालात रुतल्या, आणि त्याला ते बरं वाटलं, झोप येणार नाही म्हणून. कान उघडे होते. पडद्यातून दुपारचा उजेड गोधडीवर पडला होता.

"वारा नाही आज," आर्लिस म्हणाली.

कुणी काही बोललं नाही.

"हो ना," ती म्हणाली. "मीही तेच म्हणते."

व्हर्लिनने तोंड उघडलं. वारा भसकन निघाला. त्याने मास्क ओढून काढला, वेल्क्रोची पट्टी फाडल्यासारखी सुटली.

"आर्लिस, मी ऐकतोय. इकडे बघ. मी ऐकतोय तुझं."

"थांब जरा," ती हळूच म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "त्याचं होऊ दे."

आणि मग त्याला ऐकू आलं. फार जवळून, दोन उशांच्या मधून. आवाज त्याचाच होता. पण त्यात वय नव्हतं, आणि तो कुठे अडखळत नव्हता.

"आला होता," आवाज म्हणाला. "दारात उभा राहून विचारलं त्याने. बाबा, बर्फ झेपेल का? मी जागा होतो, आर्लिस."

व्हर्लिनचे हात आपोआप वर आले आणि कानांवर घट्ट बसले. पुढचं ऐकायची गरज नव्हती. पुढे घोरणं होतं. पोरगा दारात उभा होता आणि उठायचा कंटाळा आला म्हणून, फक्त कंटाळा आला म्हणून, तो घोरला होता, आणि पावलं मागच्या दाराकडे गेली होती. तो डोळे मिटून, कान दाबून पडून राहिला. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. पलंग एकदा हलला. त्याने हात काढले नाहीत.

काढले तेव्हा घरात गारवा शिरला होता. शेजारची जागा रिकामी होती. यंत्र कुणासाठीच नाही अशी हवा सोडत होतं.

तो अनवाणी मागच्या दाराशी धावला. दार सताड उघडं होतं. खुंटीवर कर्टिसचा कोट नव्हता. पायपुसण्यावर आर्लिसचे बूट नव्हते.

व्हर्लिनचे स्वतःचेही नव्हते.

घराच्या सावलीतल्या गवतावर सकाळचं गोठलेलं दव अजून पांढरं होतं आणि त्यातून दोन पावलवाटा शेजारी शेजारी तळ्याकडे गेल्या होत्या. ती दोघं काठाला पोचली होती. आर्लिसच्या हातावर घडी केलेला कोट होता. तिच्या कोपराला आधार देऊन एक माणूस चालत होता, ती घसरू नये अशा बेताने, सावकाश. त्याच्या डोक्यावर लाल-काळी कानटोपी होती. कानपट्ट्या वर उचलून माथ्यावर बांधलेल्या होत्या आणि त्या थंडीत त्याचे दोन्ही कान उघडे होते.

अजून वेळ होता. एक हाक मारली असती तर तिने ऐकली असती. हो, आला होता, एवढं ओरडून सांगितलं असतं तरी पुरे होतं. व्हर्लिन उंबऱ्यात उभा राहिला. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून नुसती वाफ निघाली.

आर्लिसने मागे वळून पाहिलं नाही. त्या माणसाने पाहिलं. तो थांबला आणि घराकडे तोंड करून उभा राहिला, कुणी बोलायची वाट बघणारा माणूस राहतो तसा. तो रागावलेला नव्हता. तो ऐकत होता.

व्हर्लिनने मान खाली घातली.